दुनळीचे डॉक्टर

“काय म्हणती तब्येत?” हा प्रश्न आमच्या डॉक्टरांनी माणसाला कधी विचारल्याचं मला आठवत नाही. तो ते बंदुकीला विचारत. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत आलं, की डॉक्टर त्याच्या खांद्यावरची बंदूक दोन्ही हातांनी उतरवून घेत, आधी उघडून नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करत, मग तिला मांडीवर आडवी घेऊन म्हणत, “काय म्हणती तब्येत? काय तरास होऊन राहिला?” गिऱ्हाईक नवखं असलं तर गोंधळून आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगू लागे. त्यावर डॉक्टर शेजारच्या भिंतीकडे बोट करत. “माणसाचं तिकडं. तिथं मेडिकल बसलेत.”

ते मेडिकल म्हणजे मी. हिंगोलीत माझं औषधांचं दुकान आणि डॉक्टरांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. रीतसर कॉलेजात जाऊन, परीक्षा देऊन, प्रमाणपत्र काचेत लावून मी गावासाठी मेडिकलच राहिलो आणि कानस घेऊन लोखंड घासणारा हा माणूस डॉक्टर झाला, याचं सुरुवातीला मला थोडं वाईट वाटे. पुढे सवय झाली. मीही त्यांना काका म्हणायचं ठरवून शेवटी डॉक्टरच म्हणू लागलो.

विनय नावाची गोष्ट त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. “नांदेडपासून वाशीमपर्यंत फिरून या, असा कान सापडला तर मी दुकानाला कुलूप लावतो,” हे वाक्य दिवसातून एकदा तरी भिंतीपलीकडून ऐकू यायचंच. ते खरोखर कानाने तपासत. बंदुकीच्या दस्त्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, घोडा हळूच मागे ओढायचा आणि ‘टक’ असा आवाज ऐकायचा. मग पुन्हा एकदा. मधे गिऱ्हाईक खोकलं तर त्याला बाहेर उभं करत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानामागच्या घरातून हे सगळं बघत आणि म्हणत, “बंदुकीचं कुजबुजणं ऐकू येतं, मी ओरडून सांगितलेलं न्हाई येत.” काकू कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. डॉक्टरांना बोलायची मुभा फक्त त्यांना होती आणि डॉक्टरांना बाहेरचं कुणी बोललं तर त्याची धडगत नसे.

आमच्याकडे बंदूक म्हणजे बहुतेक जुनी दुनळी. आजोबाच्या नावावर पीकराखणीचा परवाना निघालेला असतो, तो मग मुलाच्या नावावर होतो, आणि रोही नि रानडुकरं हरभऱ्यात शिरली की ती बंदूक खुंटीवरून निघते. या दुनळीच्या पोटात काय चालतं हे डॉक्टरांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की औषधांची नावं विसरेन पण ते विसरणार नाही. घोडा मागे ओढला की त्याच्या खाचेत एक इवलासा दात जाऊन बसतो आणि घोड्याला तिथंच अडवून धरतो. चाप ओढला की दात खाचेतून निघतो, घोडा पडतो, बार होतो. पुस्तकातले लोक त्या दाताला सिअर म्हणतात. डॉक्टर त्याला राखण्या म्हणत. “राखण्या जागा हाय तवर बंदूक मालकाची. राखण्या पेंगला, की मग ती कुणाचीच न्हाई, मेडिकल.” बंदुकीची दहातली नऊ दुखणी राखण्यापाशी निघतात आणि त्यातली आठ मालकामुळे झालेली असतात, असं त्यांचं शास्त्र होतं.

म्हणून निवडणूक लागली की ते कासावीस होत. कोण निवडून येतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि तिथं त्या भिंतीला टेकून एकीवर एक पडून राहतात, हे त्यांना सहन होत नसे. निकाल लागून बंदुका सुटल्या की दुकानापुढे रांग लागे. कुणाच्या चापाला गंज, कुणाची स्प्रिंग आखडलेली. डॉक्टर एकेकीला फडक्याने पुसत आणि पुटपुटत, “गुन्हा न करता बसून आल्या बिचाऱ्या. पडलेले उमेदवार बरे, घरी जाऊन निजतात तरी.”

अशाच एका रांगेत मी आबांना पहिल्यांदा पाहिलं. जवळा बाजारच्या बाजूला त्यांची मोठी शेती. बोलणं मोठं, हसणं मोठं, आणि दुनळी म्हणजे जीव की प्राण. नातलगाच्या लग्नातही ती खांद्यावर असायची. नवरदेवाआधी लोक तिच्याकडे बघत आणि आबांना ते रास्तच वाटे. डॉक्टरांची आणि त्यांची दोस्ती इतकी जुनी होती, की एकमेकांना अपमानास्पद बोलल्याशिवाय त्यांचा चहा पुढे सरकत नसे.

एका दसऱ्यानंतर आबा घाबऱ्याघुबऱ्या आले. घोडा ताणला की थांबतच नाही, आपोआप घसरतो, अशी तक्रार. डॉक्टरांनी कान लावला आणि लगेच काढून घेतला. कानावर हात फिरवला. मग बंदुकीचा वास घेतला.

“आबा, हिला काय खाऊ घातलं?”

“बंदुकीला काय खाऊ घालायचं असतं?”

डॉक्टरांनी बाजूची पट्टी खोलली. आतून मुंग्यांची एक शिस्तशीर रांग बाहेर पडली आणि टेबलावरून माझ्या दुकानाकडे निघाली. खंडेनवमीला घरोघर शस्त्रांची पूजा होते, पण आबांना नुसत्या हळदकुंकवाने समाधान नव्हतं. ते दरसाल बंदुकीला पंचामृताने न्हाऊ घालत. दूध, दही, तूप, मध, साखर सगळं झिरपत जाऊन राखण्याच्या खाचेत बसलं होतं, त्यावर कुंकवाचा थर चढला होता आणि खाच भरून गेल्यामुळे दाताला बसायला जागाच उरली नव्हती.

“निवद दाखवायचा असतो, आबा, पाजायचा नसतो,” डॉक्टर म्हणाले. “राखण्याला मध चाटवला, मंग तो जागा काहून राहीन?”

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. आबा खूश झाले. आपल्या बंदुकीच्या पोटात मुंग्या आहेत हे नुसतं कान लावून ओळखणारा माणूस जगात आहे, ही गोष्ट त्यांनी आठवडी बाजारात बसून सगळ्या औंढा तालुक्याला सांगितली. पुढची कैक वर्षं डॉक्टरांकडे तिकडची माणसं यायची ती आबांचं नाव सांगत.

आबांचा माझ्याशी संबंध आला तो साखरेमुळे. साखर वाढली होती आणि गोळ्या ते स्वतःच्या पद्धतीने घेत. पाहुणे आले की गोळी बंद, कारण पाहुण्यांसमोर आजारी दिसणं बरं नाही. त्यांच्याकडे पाहुणे नसल्याचा दिवस मला ठाऊक नाही. एकदा माझ्या दुकानात त्यांनी उकळत्या चहाचा स्टीलचा ग्लास मुठीत धरला आणि गप्पा मारत राहिले. मला तो ग्लास काठालाही धरवत नव्हता. मी म्हटलं, “आबा, बोटांना भाजत नाही का? डॉक्टरांना दाखवा एकदा.” ते भिंतीकडे मान वळवून म्हणाले, “रोजच तर दाखवून राहिलो!” आणि स्वतःच्या विनोदावर इतके हसले, की मी पुढे काही बोललोच नाही.

मग तो दिवस आला. सोयाबीनची काढणी चालू होती. दुपारी आबा मुलाबरोबर जीपमधून उतरले आणि त्यांचा चेहरा पाहून मी काउंटर सोडून बाहेर आलो. आदल्या संध्याकाळी ते भरलेली बंदूक घेऊन रानात निघाले होते. स्वयंपाकाच्या सपरापाशी, म्हणजे पत्र्याच्या छपरीपाशी, उभं राहून घोडे ताणून बघितले आणि मुलाला काहीतरी सांगत असताना बार झाला. आत त्यांची सून भाकरी थापत होती. छर्रे तिच्या डोक्यावरच्या पत्र्यातून आरपार गेले. तवा चुलीवर तसाच टाकून ती पोर शेजारच्या घरी पळाली आणि रात्रभर परत आली नाही.

“आपोआप सुटली हो, डॉक्टर,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. “राखण्या गेला. देवाशपथ, मी हात बी लावला न्हाई.”

डॉक्टरांनी बंदूक ठेवून घेतली. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून मला फक्त ‘टक, टक’ ऐकू येत होतं. त्यांनी पोट उघडलं, खाच भिंगाखाली धरली, दात नखाने चाचपला. रिकाम्या बंदुकीचे घोडे ताणून दस्त्यावर लाकडी हातोडीने ठोकून बघितलं, गादीवर आपटून बघितलं. घोडा हलेना. राखण्या ठणठणीत होता, डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर डोळ्यात तेल घालून जागा होता. आजवर बंदुकीने त्यांना आपलं दुखणं सांगितलं नाही असं झालंच नव्हतं. ते चिडचिडे झाले. जेवण ताटात टाकू लागले. काकू मला म्हणाल्या, “काही गोळी असंन तर द्या त्यांना. बंदुकीनं बोलणं टाकलंय.”

शेवटी त्यांनी आबांना बोलावून घेतलं आणि मलाही हाक मारली. नळ्या उघडून आम्हा सगळ्यांना रिकाम्या दाखवल्या, घोडे ताणले आणि बंदूक आबांच्या हातात दिली. “त्या दिवशी कसे हुबे व्हता, काय बोलून राहिला व्हता, सगळं करून दावा.”

आबा रंगात आले. सपर कुठं, मुलगा कुठं, डुकरं कोणत्या अंगाने यायची, सगळं सांगू लागले. सांगता सांगता त्यांच्या उजव्या हाताची बोटं सैल झाली, पहिलं बोट घसरलं, चापावर जाऊन बसलं आणि चाप दाबला गेला. टक.

“बघा! बघा!” आबा ओरडले. “सुटली का न्हाई आपोआप? मी हात बी लावला न्हाई!”

बोट अजून चापावरच होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला चहाचा तो ग्लास आठवला. राखण्या जागाच होता. साखरेने आबांचं बोट मेलं होतं, आणि त्या बोटाला कशाचाही स्पर्श कळत नाही हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “आबा, बोट कुठं हाय तुमचं?”

आबांनी खाली बघितलं आणि झटक्यात बोट काढलं. “आत्ता गेलं आसंन. तवा न्हवतं.”

“आबा, आता बंदूक पोराच्या हाती द्या. लई वर्सं वागवली तुमी.”

एवढ्यावर आबा उठले. त्यांचा मुलगा दाराशी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. बापाच्या हातून बंदूक घ्यायची त्याची काय टाप होती. “म्हंजे दोष माझा? मी म्हातारा झालो? राखण्या तुमाला सापडंना आन् माझं बोट काढता? ऱ्हाऊ द्या. नांदेडला नेतो हिला. तिथला मिस्तरी बघंन.”

त्या क्षणी काय पणाला लागलं होतं ते आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसत होतं. नांदेडचा मिस्त्री बंदूक तपासणार आणि प्रामाणिकपणे सांगणार, की हिला काही झालेलं नाही. मग ती काडतुसं भरून त्याच घरात परत जाणार, त्याच बोटाखाली. आणि सपरात ती सून. खरं सांगण्यासारखं त्या घरासाठी दुसरं धोक्याचं काही नव्हतं.

डॉक्टर कपाळावर हात मारून मोठ्याने म्हणाले, “थांबा, थांबा आबा! राखण्याच झिजलाय. डाव्या अंगानं. माझ्याच ध्यानात आलं न्हाई. ठिवून जा.”

आयुष्यात त्यांनी केलेलं ते पहिलं खोटं निदान. आबांचा चेहरा असा खुलला, की जणू त्यांचीच एखादी मोठी बिमारी बरी झाली. जाताना मुलाला म्हणाले, “म्हणलं व्हतं ना?”

नंतर डॉक्टरांनी त्या बंदुकीत एक बारीक काम केलं. काय केलं ते मी इथं सांगत नाही. घोडा ताणला जाई, पडे, टक असा खणखणीत आवाज येई, पण आतल्या काडतुसाला काही कळत नसे. “मुकी केली,” एवढंच मला म्हणाले. हे फक्त मला आणि काकूंना माहीत. आबांच्या मुलालाही सांगितलं नाही. “पोरगं कधीतरी भांडणात बोलून जाईन,” ते म्हणाले.

मग सुरू झाला तो प्रकार आठवून मला अजून हसू येतं आणि लगेच हसल्याची लाज वाटते. आबा दर थोड्या दिवसांनी यायचे. बार होत नाही. डॉक्टर बंदूक मांडीवर घेत, कान लावत, डोळे मिटत आणि नवं निदान काढत. काडतुसाला ओल लागली. औंदा थंडी लई, स्प्रिंग अंग चोरून राहिली. नळीत कोळ्याचं जाळं असंन. न फुटलेलं काडतूस आबा पुढे करत, तर त्याच्या बुडावर घोड्याच्या टोच्याची खूणच नाही हे कुणाला दिसायच्या आत डॉक्टर ते खिशात टाकत आणि म्हणत, “टोचा तर बराबर बसलाय, माल हलका हाय.” जन्मभर खऱ्या विद्येवर जगलेल्या या माणसाला भोंदूगिरी किती सुरेख जमत होती हे बघून मी थक्क झालो. आमच्या धंद्यात आले असते तर चार मजली दवाखाना बांधला असता.

आबा मात्र बाजारात बसणारे गृहस्थ. एकेकाळी मुंग्यांची गोष्ट ज्या उत्साहाने सांगितली, त्याच उत्साहाने आता ते सांगू लागले, की डॉक्टरचा हात गेला. “साधी दुनळी, साधं दुखणं, अन् बाबाला सापडंना!” बोलण्यात वैर नव्हतं, हळहळच होती, आणि हळहळ वैरापेक्षा लवकर पसरते. औंढ्याकडची माणसं यायची थांबली. मग कळमनुरीकडची थांबली. एक दिवस आखाडा बाळापूरचे एक शेतकरी आले आणि दुरुस्तीला टाकलेली आपली बंदूक तशीच मागू लागले. “तुमाला आताशा दिसत न्हाई म्हणतेत. तकलीफ नको तुमाला.” डॉक्टरांनी ती पुसून, तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून दिली. ते गेल्यावर दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि आत जाऊन झोपले.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने म्हणालो, “डॉक्टर, बस झालं. मी सांगतो लोकांना, काय ते खरं.”

“सांगा की,” ते म्हणाले. “आज तुमी सांगितलं, की उद्या आबाला कळंन. परवा आबा नांदेडात. अन् मंग त्याची सून...” त्यांनी समोरची कानस उचलून उगाच फडक्याने पुसली. “मला बी वाईट वाटतं, मेडिकल. लई वाईट वाटतं. लोक काय बोलून राहिलेत ते ऐकू येतं की. कान तर शाबूत हाय.”

त्या दिवसानंतर त्यांनी फुशारकी मारायचं सोडलं. भिंतीपलीकडची ती शांतता मला सोसत नसे. मी रिकामा असलो की पलीकडे जाऊन मुद्दाम विचारायचो, “डॉक्टर, नांदेडपासून वाशीमपर्यंत फिरलं तर?” ते हसत आणि म्हणत, “फिरू नका. ऊन लई हाय.” बंद पडत आलेल्या त्या दुकानात नेमाने येणारं गिऱ्हाईक शेवटी एकच उरलं होतं, ते म्हणजे आबा.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी धावत गेलो, पण माझ्या दुकानातलं काहीही उपयोगी पडायची वेळ निघून गेली होती. त्यांचा हात हातात घेऊन मी बसून राहिलो. बोटांना तेलाचा वास होता. मला रडू आवरेना.

तेराव्यानंतर लोक भेटायला येत होते. आबा आले ते सुनेला सोबत घेऊन. ती मुकाट्याने आत गेली आणि काकूंच्या हातचं काम तिने आपल्याकडे घेतलं. बाहेर ओसरीवर जुनी गिऱ्हाइकं बसली होती, बाळापूरचे ते शेतकरीही होते. आबा भिंतीला टेकले आणि लहान पोरासारखे रडले. रडणं ओसरल्यावर उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, “लई मोठा माणूस व्हता, वहिनी. पण खरं सांगू का? शेवटाला त्याला कामातलं काही कळत न्हवतं. सगळे म्हणले, नांदेडला ने, नांदेडला ने. मी नेली न्हाई. बंद पडली तरी त्याच्याकडंच नेत राहिलो. म्हणलं, आपण बी सोडलं तर त्याच्या जिवाला लागंन.”

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या तोंडाशी शब्द आले होते. मी काकूंकडे बघितलं. नवऱ्याबद्दल कुणी अर्धा शब्द काढला तरी त्याचा समाचार घेणाऱ्या काकू आबांकडे बघत होत्या.

“आता कुठं दाखवणार बंदूक?” त्यांनी विचारलं.

“आता कुठं दाखवू?” आबा म्हणाले. “त्याचा हात लागलेली हाय. दुसऱ्या कुणाला खोलू देणार न्हाई. ऱ्हाऊ दे तशीच.”

काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. “खरं हाय, भावजी,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “हात गेलाच व्हता त्यांचा. तुमी संभाळून घेतलं.”

एवढ्यात आबांची सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. काकू उठल्या, तिच्या हातातून पहिला कप घेतला आणि स्वतः आबांपुढे नेऊन ठेवला.